मोटेच्या कातड्याची होडी अन् तिचे कप्पे

पावसाळ्यात अडाण नदी भरली का माहं माहेर बंद. गाव समोरच्याच काठावर, रोज डोळ्याले दिसे. देश सोतंत्र होऊन काही वर्षं झाली होती, पूल मात्र यायचा होता. त्या साली पल्याडून भावानं हाक मारून सांगितलं, मायनं अंथरून धरलं, तुही आठवन काढून राह्यली. मी घरधन्याच्या मागं लागली, कसंबी करून मले पल्याड पोचवा.

आमच्या घरधन्याचे हात कामाचे, डोकं मात्र त्याइच्या मायच्या ताब्यात. त्याइनं बांबूच्या कामट्यांचा सांगाडा बांधला, जुन्या मोटेचं कातडं त्यावर ताणून शिवलं, शिवणीवर डांबर फासलं. होडी तरली! एक वल्हवनार, एक मी, बस. मी लुगडं बदलून तयार.

सासू म्हनली, "अवं, आपल्या घरची सून माहेरी रिकाम्या हातानं जाईन काय? लोक माह्या तोंडात शेण घालतीन!"

झालं. होडीच्या पुढच्या टोकात कामट्यांचा कप्पा झाला, त्यात तुरीची दाळ. जावेच्या कुरड्या उरल्या, म्हून मागंबी कप्पा. मंग शेजारीन आली शेवया घेऊन. तिची लेक त्याच गावात दिलेली. नाई कसं म्हनाव? दोन्ही बाजूनं कातड्याच्या झोळ्या शिवल्या. गावातले शहाणे येऊन मान डोलवत, "वा, काय सोय केली!" बाई कुठं बसन, हे एकानंबी इचारलं नाई.

निघायच्या दिवशी माह्या जागेवर तुपाची बरनी अन् भलंमोठं कोहळं. मी पाय टेकवला तं होडी कडेपर्यंत पान्यात बुडाली. हे म्हनले, "तू उद्या ये. आधी सामान तं पोचू दे." अन् गेले ना बाप्पा, वल्हवत! माह्या अंगाचा तिळपापड झाला.

संध्याकाळी परतले, लय खुशीत. काहीच भिजलं नव्हतं म्हने.

"माय काय म्हनली?" मी इचारलं.

"सारं काढून दाखवलं तिले. तं म्हनते, जावईबापू, पोरगी कोन्या कप्प्यात हाये?"

मले हसू बी आलं अन् रडू बी. सकाळी विळ्यानं पुढचा कप्पा कापून फेकला अन् मोकळ्या हातानं होडीत जाऊन बसली. सासू काठावर ओरडून राह्यली, लोक काय म्हनतीन. मी घरधन्याले म्हनलं, "वल्हवा."

पोचली तवा मायची वाचा गेली होती. तिनं माहा हात धरला, सोडलाच नाई. तिचं शेवटचं बोलनं जावयाच्या वाट्याले गेलं, याचा राग मले आजबी येते.