धूर नसलेला देखावा

सिनेमात अणुभट्टी फुटली की भाऊ नाकासमोर हात हलवायचे, जणू टीव्हीतला धूर आमच्या खोलीतच शिरला आहे. मग ठरलेला निकाल, "लय धूर काढला, पन भेव नाई वाटलं."

अकोल्यात ते आमचे शेजारी. गावाबाहेर भाजीचं वावर, आणि गणपतीत आमच्या मंडळाचा देखावा त्यांच्या हातचा. दिवाळी अंकात किरणोत्सर्गावर एखादी कथा आली की मी त्यांना वाचून दाखवायचो. ते मध्येच थांबवायचे, "सारे शास्त्रज्ञच हायेत इथं. भाजीवाला कोठी गेला?" आता यावर तुम्ही काय उत्तर दिलं असतं, सांगा!

एका वर्षी त्यांनी देखाव्याला अणुभट्टीचाच विषय धरला. पोरं खूश. धुराचं यंत्र, भोंगा, लाल दिवे, सगळं ठरवून मोकळी झाली. भाऊंनी त्यावर पाणी फिरवलं. "जे दिसत नाई, तेच दाखवाचं हाय." मंडपात एका घराचं सताड उघडं दार उभं केलं, आणि दारात रोज वावरातून आणलेली ताजी भाजी. मेथी, वांगी, भेंडी. बाजूला पाटी : "अणुभट्टी फुटली आहे. गाव सोडा. भाजी खाऊ नका." माणूस एकही नाही.

लोक बघायचे आणि पुढं सरकायचे. "दुकान लावलं काय भाऊ?" असंही कोणी विचारून गेलं. पोरं वैतागली, उद्यापासून धूर सोडतो म्हणाली. भाऊंचा चेहरा एवढासा झाला. देखावा हा त्यांचा जीव होता हो. "आजच्या दिवस थांबा रे," एवढंच म्हणाले.

त्याच संध्याकाळी हिवरखेडहून आलेली एक शेतकरीण पाटी वाचून थबकली. "एवढी कवळी मेथी, अन् खाची नाई? कावून?" म्हणत तिनं जुडीकडे हात नेला.

"हात नको लावू, माय!" भाऊ ओरडले. नाटकातलं ओरडणं नव्हे, खरंखुरं. बाईनं हात पदराखाली ओढून घेतला. मागची सगळी रांग मागं सरली. मीही एक पाऊल मागं घेतलं. पोरांनी त्यानंतर धुराचं नाव काढलं नाही.

आरती झाली की ती भाजी आम्ही वाटून घरी न्यायचो. त्या दिवशी कोणी पुढं होईना. "न्या ना रे, आपल्या वावरातली हाय," भाऊ म्हणाले. एक पान तोडून स्वतः चावून दाखवलं. आम्ही हसलो, पण जुडीला कोणी हात लावला नाही.

भाऊ आता नाहीत. गणपती आले की त्यांची फार आठवण येते. आठवतात ते त्या संध्याकाळचेच. भरली टोपली डोक्यावर घेऊन घराकडे निघालेले, आणि वाटेत भेटेल त्याला काकुळतीनं सांगणारे, "चांगली हाय हो, घ्या ना."