खोट्या दवाखान्यातली पेशंट

दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर बनवणाऱ्या जळगावच्या एका छोट्या कंपनीत माझं काम नाक्यावरच्या माणसासारखं आहे. बाकीचे चौघं कोडमधल्या दुरुस्त्या, म्हणजे पॅच, पाठवतात. मी ते तपासून एकत्र करते, बिल्ड लावते, म्हणजे सगळं जोडून चालतं का ते पाहते, आणि बिल्ड पास झाला की स्टेजिंगवर चढवते. स्टेजिंग म्हणजे हुबेहूब खऱ्यासारखा, पण खोटा दवाखाना. तिथे दोन दिवस काही बिघडलं नाही, तरच पॅच खऱ्या दवाखान्यांत जातो.

खोट्या दवाखान्याला पेशंटही खोटे लागतात. खऱ्या माणसाचं नाव वापरायचं नाही हा नियम मीच लिहिला आणि मीच पहिल्यांदा मोडला. घाईत सुचलं ते नाव आईचं होतं. पूर्ण नाव, गाव शिंदखेडा, वय एकसष्ट.

आई तेव्हा माझ्याकडेच राहायची. मी घरून काम करायचे, ती शेजारी लसूण सोलत बसायची. स्क्रीनवर स्वतःचं नाव पाहून रागावेल असं वाटलं होतं, तर तिला कोण मजा वाटली! मग रोज सकाळी, मला लाडाने 'माय' म्हणत, तिचा ठरलेला प्रश्न.

"आज माले काय व्हयनं, माय?"

"आज तुले कावीळ शे."

"मंग भाकर खाऊ का नको?"

तपासणी पूर्ण व्हायला पेशंटला शेवटी 'बरे होऊन घरी' अशी नोंद करून सोडावं लागतं. म्हणजे सकाळी कावीळ आणि जेवायच्या आत ठणठणीत. माझ्यासारखी डॉक्टर अख्ख्या खान्देशात नाही, असं ती शेजारणींना सांगायची.

एका आठवड्यात दोघांचे पॅच एकमेकांवर आदळले. औषधांच्या चिठ्ठीचं पान दोघांनीही बदललं होतं, एकाचं ठेवलं की दुसऱ्याचं मोडायचं. बिल्ड तीनदा फसला होता आणि माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. आई शेजारी येऊन बसली.

"माय, मना पोटमा दुखस."

मी मान वर केली नाही. म्हटलं, "पोटदुखी काल व्हई गई. आज ताप शे."

ती हसली. "बरं, ताप ते ताप," म्हणाली आणि लसूण ओढून घेतला. त्यानंतर तिने पोटाचं नावही काढलं नाही.

ताटात अर्धी भाकरी उरायला लागली तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. तिला धुळ्याला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, किती दिवसांपासून दुखतंय? आईने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "आत्तेच. दोन-तीन दिन व्हयनात." खोटं बोलली, माझ्यासाठी. मी तिथे उभी होते आणि मीही गप्प राहिले. त्या गप्प राहण्याची मला आजही चीड येते.

चार महिन्यांत ती गेली. आधी आणलं असतं तर काही फरक पडला असता का, हे मी डॉक्टरांना विचारलं नाही. विचारायची हिंमत नव्हती, दुसरं काही नाही.

पुढे टीममध्ये नवीन आलेल्या मुलीने एक पॅच पाठवला. सोबत लिहिलं होतं, 'खऱ्या माणसांच्या नावाचे जुने पेशंट काढून टाकले आहेत, नियमानुसार.' पॅच अगदी नीट होता. मी बाकीच्यांचे पॅच पुढे काढत राहिले आणि तो तसाच ठेवला. तिने दोनदा विचारलं, "मॅडम, माझं काही चुकलंय का?" तिचं काय चुकणार?

शेवटी एका सोमवारी तो घेतला. त्याआधी आईचं पान उघडलं. कावीळ, ताप, कुत्रा चावला, मोडलेलं मनगट. वय एकसष्टच. प्रत्येक आजारासमोर 'बरे होऊन घरी'. पोटदुखीसमोरसुद्धा.

बिल्ड पहिल्याच झटक्यात पास झाला. तसा तो कधी होत नाही. स्टेजिंगवर चढवून मी तिचं नाव टाकलं आणि शोधलं. 'या नावाचा पेशंट आढळला नाही.' हेच उत्तर यायला हवं होतं.

दोन दिवस मी ते नाव पुन्हापुन्हा टाकून पाहिलं. मग पॅचखाली 'तपासले, बरोबर आहे' असं लिहिलं आणि तो पुढे सोडला.