मागच्या दारातून आलेल्या महालक्ष्म्या

नोकरीत मी खुनाचे पंचनामे केले, दंगलीत डोकं फोडून घेतलं. त्यातलं बरंच आता पुसट झालं आहे. वर्ध्याजवळच्या सिंदी मेघेतलं एक बंद घर मात्र अजून पुसट होत नाही. तिथं रक्त सांडलं नव्हतं, चोरीही झाली नव्हती. तरी त्या घरानं मला दिला तसा धक्का कुठल्या प्रेतानं दिला नाही.

मी शिपाई म्हणून भरती झालो आणि ठाणेदार म्हणून निवृत्त झालो. मध्ये कुणी हात धरून वर चढवलं नाही. भाजीपासून प्लॉटपर्यंत कुठलीही वस्तू मी पहिल्या भावात घेतलेली नाही, आणि त्याची मला लाज नाही. वर्ध्यात ठाणेदार असताना माझ्या सरकारी क्वार्टरचं छत गळत होतं. पावसाळ्यात बायको अंथरुणाशेजारी घमेलं ठेवून झोपायची. म्हणून भाड्याचं घर शोधत फिरलो. घर पसंत पडायचं, भाव जुळायचा, आणि नोकरी सांगितली की मालकाचा चेहरा उतरायचा. पोलिसाला आणि वकिलाला घर देऊ नये, असं आमच्याकडे घरमालकांनी ठरवूनच टाकलं आहे.

सिंदी मेघेत एका निवृत्त अधिकाऱ्याच्या घरी तर घासाघीस करून भाडं पक्कं झालं, वर चहाही झाला. उठताना त्यांनी नोकरी विचारली. दुसऱ्या दिवशी फोन आला, "साहेब, घर पुतण्याला दिलं." मी ते गिळलं, पण विसरलो नाही.

त्यानंतर दोन पावसाळे गेले. गणपतीचा बंदोबस्त चालू होता. महालक्ष्म्यांच्या जेवणाचा दिवस. बाकीचा महाराष्ट्र ज्यांना गौरी म्हणतो, त्या आमच्या महालक्ष्म्या. ज्या घरात त्या बसतात तिथं त्यांना चुकवायचं नसतं. दुपारी एक निवृत्त शिक्षिका ठाण्यात आल्या. सगळी वस्ती त्यांना काकू म्हणते.

"साहेब, माह्या बाजूच्या बंद घरातून आंबिलीचा वास येऊन राह्यला."

ठाणे अंमलदार हवालदारानं पेन खाली ठेवला. "आंबील चोरली का कोणी, काकू?"

"दात काढू नको. समोर कुलूप जसंच्या तसं आहे. मालक कवाचे हैदराबादेत पोराकडे. मंग आंबील कोण शिजवते? भूत?"

"भुताइच्या घरीबी महालक्ष्म्या बसत असतीन."

मी त्याला गप्प केलं. ज्वारीच्या पिठाची आणि ताकाची आंबील त्या दिवशी महालक्ष्म्यांसाठीच शिजते. बंद घरात चोर शिरतो, जुगारी शिरतात, पण आंबील शिजवायला कुणी शिरत नाही. दोन शिपाई घेऊन मी निघालो.

फाटकाशी पोचलो आणि पाय थांबले. हेच ते घर. कुलपावर गंजाचा थर होता, अंगणात गुडघाभर गवत. पुतण्या राहत असलेल्या घराचं कुलूप असं गंजत नाही. आम्ही घमेल्यात पाणी झेलत होतो तेव्हा हे घर रिकामं पडून होतं. माझं डोकं तिथंच तापलं.

मागे गेलो. मागचं अंगण झाडलेलं, सडा टाकलेला, दारापुढे रांगोळी. आणि त्या मागच्या दारातून आत गेलेली कुंकवाची पावलं. आमची आई ही पावलं फाटकापासून काढायची, महालक्ष्म्या घरात याव्या म्हणून. मागच्या दारातून आलेल्या महालक्ष्म्या मी जन्मात पाहिल्या नव्हत्या.

दार ठोठावलं. एका म्हातारीनं ते वीतभर उघडलं. माझी वर्दी पाहूनही ती हलली नाही. "जरा थांबा साहेब. महालक्ष्म्या जेवून राह्यल्या."

नैवेद्य दाखवला की पडदा ओढतात आणि जेवण होईपर्यंत कुणी आत जात नाही. मी दार ढकलायला हात उचलला आणि सहज मागे पाहिलं. माझ्या दोन्ही शिपायांनी बूट काढून ठेवले होते. मी हात खाली घेतला आणि उन्हात उभा राहिलो.

तेवढ्यात कुंपणाच्या फटीतून एक माणूस केळीची पानं घेऊन आत आला. अंगावर खाकी. माझ्याच बंदोबस्तातला होमगार्ड, सकाळी गणपतीच्या पॉइंटवर मीच त्याची हजेरी घेतली होती. मला पाहून त्यानं पानं काखेत धरली आणि सॅल्यूट ठोकला. "जय हिंद सर."

त्याला ठाण्यात आणलं. मला टोळीचा संशय होता. बंद घरांची टीप बाहेर कोण देतं, हे मला काढायचं होतं.

"कुलूप कसं तोडलं?"

"तोडलं नाई साहेब. तुमीच बंद घरं पाहाची ड्युटी लावलती. समोरचं कुलूप हलवून पाह्यचो, मागचं दार ढकलून पाह्यचो. ह्या घराची मागची कडी सुटेल होती."

"आणि रिपोर्ट काय दिला?"

"कुलूप ठीक आहे म्हणून."

"खोटा रिपोर्ट देतो?"

"कुलूप तर ठीकच होतं साहेब."

हवालदारानं तोंड भिंतीकडे केलं. मी टेबलावर हात आपटला, पाण्याचा ग्लास आडवा झाला. त्या घरात शिरण्याआधी कुठं राहत होता, हे मात्र तो सांगेना. मी आवाज चढवला, नोकरी घालवण्याची धमकी दिली. तो जमिनीकडे पाहत राहिला. माणूस गुन्हा लपवतो तेव्हा डोळे फिरवतो. लाज लपवतो तेव्हा मान खाली घालतो. हा फरक मला ठाऊक होता, पण रागात दिसला नाही.

प्रकरण उलगडलं ते त्याच्या बायकोमुळे. महालक्ष्म्यांचं जेवण आटोपून ती ठाण्यात आली.

"ते नाई सांगत साहेब, मी सांगतो. बोरगाव मेघेत आमच्या दोन खोल्या होत्या. मालकानं तिथं शिकणाऱ्या पोराइसाठी खाटा टाकल्या. एका खाटीचं भाडं आमच्या दोन खोल्याएवढं. मंग आमाले कोण ठेवते? दुसरीकडं गेलो तं भाडं ऐकूनच परत आलो."

"मग राहिले कुठं?"

"मी न पोरी अल्लीपूरले भावाकडे. तिथं जागा पुरे ना, म्हणून सासूबाई इथं बस स्टँडवर. आन हे ठाण्यात."

"ठाण्यात म्हणजे?"

"तुमच्याच ठाण्यात साहेब. मागं तो रेतीचा जप्त टेम्पो उभा आहे ना, त्यात झोपत."

हा माणूस रोज इस्त्रीची वर्दी घालून सर्वांच्या आधी हजेरीला उभा असायचा. मी इतरांना त्याचं उदाहरण द्यायचो. तो लवकर यायचा कारण तो कुठून येतच नव्हता. आणि बस स्टँडवर झोपलेल्यांना उठवून हाकलण्याची गस्त माझीच होती. त्याच्या आईला माझ्याच शिपायांनी काठी वाजवून उठवलं असणार. कदाचित त्यानंही.

"गेल्या साली महालक्ष्म्या पेटीतच राह्यल्या," ती म्हणाली. "औंदा सासूबाईनं हट्ट धरला, मी जित्ती आहे तं बसव. कुठी बसवू साहेब? बस स्टँडवर?"

दुसऱ्या दिवशी, महालक्ष्म्यांच्या विसर्जनाला, बातमी कळून घरमालक हैदराबादहून रेल्वेनं आले. गुन्हा दाखल करा म्हणाले. गुन्हा दाखल झाला असता तर होमगार्डची खाकी गेली असती, आणि तेवढंच त्या कुटुंबाकडे उरलं होतं.

"करतो ना," मी म्हणालो. "घर कधीपासून रिकामं आहे? पुतण्या कुठं गेला?"

ते जरा चपापले, मग उसळले. "साहेब, खरं बोलू का? पोलिसाले घर दिलं म्हणजे घर गेलं. तुम्हीच सांगा, कोण देते?"

तोंडावर आलेली शिवी मी गिळली आणि भाव करायला बसलो. "तक्रार लिहून द्या. मग कोर्टाच्या प्रत्येक तारखेला हैदराबादहून यावं लागेल. आणि चोरीला गेलं काय, ते सांगा. कोपऱ्यातली वाळवी गेली, एवढंच."

ते विचारात पडले आणि तक्रारीचा नाद सोडला. मग मी होमगार्डच्या छताचा विषय काढला. दिवाळीपर्यंत राहू द्या, भाडं तो देईल, जामीन मी. नाही. महिनाभर. नाही. आठ दिवस तरी. नाही.

"बंद असलं की घर चांगलं राहते," ते म्हणाले. "आज विसर्जन करा अन् निघा."

इतक्या वर्षांत मी हरलेला हा एकच सौदा. कायदा त्यांच्या बाजूनं होता आणि मी कायद्याच्या वर्दीत होतो.

संध्याकाळी अक्षता टाकून महालक्ष्म्या हलवल्या. त्याच्या बायकोनं मुखवटे कापडात गुंडाळून पत्र्याच्या पेटीत ठेवले. घर जसं होतं तसं करून द्यायचं म्हणून तिनं फरशी पुसायला घेतली. पुसत पुसत ती मागच्या दारापाशी, कुंकवाच्या पावलांपर्यंत आली.

"अहो बाई, ते राहू द्या," मालक समोरच्या खोलीतून म्हणाले. "लक्ष्मीची पावलं आहेत. पुसायची नसतात."

ती ओलं फडकं हातात धरून तशीच बसून राहिली. मी मालकांकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर काहीही वावगं नव्हतं. खुनी माणसांच्या चेहऱ्यावर मी पश्चात्ताप पाहिला आहे, भीती पाहिली आहे. इथं दोन्ही नव्हतं. पेटीवर हात ठेवून बसलेली म्हातारी उठली. "राहू दे वो. महालक्ष्म्याइले तरी राहू दे." आणि सगळे मागच्या दारानं बाहेर पडले.

दुसऱ्या दिवशी तो हजेरीला सर्वांच्या आधी उभा होता. "जय हिंद सर." कुठं झोपलास, असं मला विचारता आलं नाही.

या प्रकरणानं मला एवढंच शिकवलं: आम्ही कुलपांची राखण करतो. बंद घर सुरक्षित आहे ना, हे पाहायला मी माणूस नेमला होता, आणि त्या माणसाला घर आहे का, हे पाहायला कुणालाच नेमलं नव्हतं.

काकू अजून भेटतात. त्या घराच्या मागच्या दाराला आता लोखंडी जाळी बसवली आहे. घर तसंच बंद आहे. जाळीतून डोकावलं तर पावलं अजून दिसतात, म्हणतात. सगळी आत गेलेली. बाहेर येणारी पावलं काढायची आपल्यात पद्धत नाही.