शेवंताची पहिली घागर

माझ्या भावाला सगळं पिंपळनेर मुराळी म्हणूनच ओळखायचं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासुरवाशीण माहेरी यायची तर तिला आणायला भाऊ नाहीतर बाप जावा लागतो. आपली आपण यायची रीत नाही. ज्या घरात असं माणूसच नाही, त्या घरचा मुराळी गिरधर. बैलगाडीत गोधडी अंथरायची, पाण्याचा लोटा भरून घ्यायचा, की निघाला. दहा घरच्या लेकी त्यानं आणल्या असतील, आणि मी सख्खी बहीण भिकुबाई, मला मात्र दर वर्षी सगळ्यांत शेवटी. बोलले तर म्हणायचा, तू तर घरचीच. पुढे मी रंडकी होऊन त्याच्या शेजारीच राहायला आले, तेव्हा कुठे ते भांडण मिटलं.

त्याची बायको शेवंता म्हणजे देवाची गाय. दिशेचं ज्ञान शून्य. नवी नवरी असताना एकदा साक्रीच्या बाजारात चुकली. भाऊ तासन् तास शोधत फिरला, आणि ही चुकली त्याच जागी पायरीवर बसलेली! रडली नाही, हलली नाही. कारण घरून निघतानाच त्यानं सांगून ठेवलं होतं, "चुकनी तं जागा सोडू नको. मी येसू." तो शब्द तिनं जन्मभर धरून ठेवला. यात्रेत, दवाखान्यात, कुठेही हात सुटला की बाई जागच्या जागी बसायची.

ती शहाऐंशीच्या माघात गेली. दोन दिवसांचा ताप, बस. भाऊ तेव्हा खचला, पण सावरला. म्हणायचा, आखाजीला येईल ना घागरीचं पाणी प्यायला. आमच्याकडे त्या दिवशी पितर घरी येतात, त्यांच्यासाठी नवी घागर भरतात. शेवंताची पहिलीच घागर. त्यानं कुंभाराकडे जाऊन स्वतः ठोकून पारखून आणली.

तेवढ्यात तो शेपटीवाला तारा उपटला. धुळ्याहून एक मास्तर दुर्बीण घेऊन शाळेच्या मैदानावर आले. संध्याकाळी सगळं गाव लोटलं. मला तर त्या नळीतून दुधाचा डाग पडावा तसं काहीतरी दिसलं, एवढ्यासाठी वाट तुडवली म्हणून मी चिडले. मग मास्तर बोलायला लागले. आपली धरती म्हणजे रेतीच्या ढिगातला एक कण. ती सूर्याभोवती पळते, सूर्य तिला घेऊन आणखी कुठे पळतो, आणि आज सकाळी आपण आभाळात जिथं होतो तिथं पुन्हा कधीच येणार नाही. पोरांनी टाळ्या वाजवल्या. भाऊ उठला आणि त्यानं विचारलं, मग माघात होतो ती जागा कुठे? मास्तर कौतुकानं म्हणाले, कोट्यवधी मैल मागे राहिली, आबा.

झालं. त्या दिवसापासून माणूस जेवेना. मी खोदून खोदून विचारलं तेव्हा बोलला.

"भिकू, ती माघमा गयी. ती जागा मांगे राही गयी. आते तिले घर कसं सापडी?"

मला हसू आलं, पण त्याचा चेहरा पाहून ते गिळलं. मी म्हटलं, अरे बाबा, पितरांना का कोणी रस्ता दाखवतं? तो म्हणाला, बाकीच्या पितरांचं नको सांगू, शेवंताचं सांग. ती बसलेली असेल तिथंच. मीच सांगितलंय ना तिला.

संताप संताप झाला माझा. मास्तरांचा मुक्काम शाळेतच होता, तिथं जाऊन त्यांना चांगलं फैलावर घेतलं. बिचारे चपापले. मग म्हणाले, अक्का, भिण्याचं काही नाही, धरती एकटी पळत नाही. वारा, ढग, नदीचं पाणी, तुमच्या भावजयीच्या चितेची राखसुद्धा, सगळं तिच्याबरोबर येतं. मी धावत येऊन हे भावाला सांगितलं.

"राख तं बराबर उनी वं," तो म्हणाला. "पन राखले तहान लागस का?"



आखाजी तोंडावर आली. भाऊ कोणाला आणायला गेला नाही. लोकांनी कुरकुर केली, कुठून कुठून माणसं मिळवून लेकी आणल्या. राहिली एकटी तानुबाई. तिला ना बाप ना भाऊ, म्हातारी आई तेवढी, आणि सासर घाटापलीकडे. आखाजीच्या सकाळी मी घागर भरली, भावानं पितरांच्या नावानं चुलीत घास टाकला आणि तसाच उठून पांझरेकाठी मसणवटीत जाऊन बसला. मी मागोमाग गेले. समजुतीचे शब्द संपले होते माझे, मी सरळ भांडले. म्हटलं, मेलेली बसली असेल की नसेल ते देवाला माहीत, पण ती तानू बोचकं बांधून ओट्यावर बसली असेल. तिलाही तूच सांगून ठेवलंयस ना दर वर्षी, मी येईन म्हणून?

तो उठला. घरी येऊन त्यानं गाडी जुंपली, गोधडी अंथरली आणि तो गेला.

दिवेलागणीला गाडी भावाच्या दारात आली. तानू धुळीनं माखलेली, ओठ सुकलेले. घाईत लोटा भरून घ्यायचा राहिला होता. ती उतरली ती आईकडे जायच्या आधी सरळ आत आली आणि समोर दिसली त्या घागरीत तिनं तांब्या बुडवला. माझा जीव उडाला. पितरांची घागर ती! मी तिचा हात धरायला धावले.

"पिऊ दे तिले," भाऊ दारातून म्हणाला.

तानू घटाघटा प्यायली, वर आणखी एक तांब्या मागितला. मी दिला, आणि मला एकदम रडू फुटलं. मला वाटलं, सुटला बाई माझा भाऊ. त्याला जेवायला हाक मारायला मी बाहेर आले. तो गाडीतली गोधडी झटकून पुन्हा नीट अंथरत होता. लोटा भरून दे म्हणाला, शेवंता बसलेली असेल तिथंच. बैल त्यानं सोडलेच नव्हते.