दहापर्यंत मोजणारे काका

आमच्या नोएडाच्या ऑफिसात सर्व्हरवरचे कंटेनर, म्हणजे ज्यांत एकेक प्रोग्रॅम चालतो ते डबे, सांभाळणारे काका दिल्लीतल्या द्वारकेहून येतात. एखादा कंटेनर अडकला की आम्ही सरळ ‘किल’ मारतो, की तो जागच्या जागी बंद. काका मात्र ‘स्टॉप’ टाइप करतात. त्यात कंटेनरला हातातलं काम आवरायला दहा सेकंद मिळतात, आणि ते दहा सेकंद काका मोठ्यांदा मराठीत मोजतात.

“अरे यार, उडा दो!” साहेब मागून ओरडतात.

“सर, सामान तो समेटने दो बेचारे को.”

परवा माझ्या हातून चांगला चालता कंटेनर उडाला. साहेबांनी मला दार दाखवलं, “निकलो! अभी के अभी!” मी बॅग भरू लागले. काकांनी खुर्ची वळवली आणि साहेबांकडे बघत सुरू केलं, “एक... दोन...”

नऊ झाले तरी साहेबांचा राग उतरेना.

काका म्हणाले, “सव्वानऊ.”