पटावरचं पंचविसावं नाव

करवंदवाडीत एक गोष्ट सगळ्यांना पक्की ठाऊक होती: शाळेच्या देवजी मास्तरांना वाचता येत नाही. विहिरीवर धोंडूबाई हेल काढून सांगायची, "अगो, तलाठ्याचा कागुद आला, तर मास्तरानं तो तिसरीच्या पोरीच्या हातात दिला! 'वाच गो,' म्हनला. आता समजा काय ते!"

खरं तर मास्तर सातवीची फायनल परीक्षा पास. मुरबाडहून येताना बैलगाडीत भांडी कमी आणि पुस्तकं जास्त घेऊन आलेले. पहिली तीन वर्षं त्यांनीही छडी आपटून पाढे म्हणवून घेतले. मग त्यांच्या ध्यानात आलं, की पाटीसमोर मुकी बसणारी पोरं बांधावर गेली की पोपटासारखी बोलतात. त्या दिवसापासून छडी आढ्याला खोचली ती खोचलीच. विचारायचं पोरांनी आणि शोधायचंही पोरांनीच. मास्तरांचं वाक्य ठरलेलं, "मला काय ठाऊक? जा, बघून ये."

एकोणचाळीस सालच्या आश्विनात तिसरीतल्या हौसानं विचारलं, "मास्तर, एका लोंबीला दाणं किती?" झालं! आठ दिवस सगळी शाळा भाताच्या शेतात. तीन शेतांतल्या लोंब्या मोजल्या, बेरजा केल्या, भागाकार केले. महिपतच्या शेतात दाणे जास्त का, यावरून दोन पोरांची मारामारी झाली. शेवटी वरच्या तळ्याचं पाणी त्याच्याच शेतात मुरतं, हेही पोरांनीच चालत जाऊन शोधलं. "शिकतात का कापणी करतात?" बायाबापड्या हसल्या.

कार्तिकात हौसाला हिवताप आला आणि पाचव्या दिवशी ती गेली.

मास्तरांनी पटावरचं तिचं नाव कापलं नाही. हजेरी घेताना त्या नावापाशी ते थांबत, खाली बघत, पुढचं नाव घेत. दोन महिने असंच चाललं. मग किन्हवलीहून निरोप आला, पौषातली म्हशाची जत्रा झाली की सोमवारी दिपोटी, म्हणजे शाळा तपासणारे साहेब, येणार. पटावर पंचवीस पोरं नसतील, त्यातलं प्रत्येक समोर हजर नसेल, तर शाळा बंद. मग पोरांनी ओढा ओलांडून दोन कोस चालावं, नाहीतर घरी बसावं. हौसाला धरून पट पंचवीसचा होता.

शाळेचे निर्णय शनिवारी पोरांची पंचायत घेई. तिथं मास्तरांनी, कुणी विचारल्याशिवाय, तोंड उघडायचं नाही, हा नियमही पोरांचाच.

मी तेव्हा पंधरा वर्षांचा, चौथी पास होऊन घरी बसलेला. पाटलाचं खाकरणं, धोंडूबाईचा हेल, म्हशीचं रेकणं, सगळं मला हुबेहूब जमे. शुक्रवारी मास्तरांना वाटेत गाठलं. "मास्तर, पोरं हौसाला जितीच ठेवणार बघा. पडदा लावून कोपऱ्यात आजारी म्हणून निजवायचं कुणाला तरी, आन् आवाज माझा. पैज!"

मास्तर चालायचे थांबले. "लाव," म्हणाले. "हरलास तर पोरं सांगतील ते काम करायचं. मी हरलो तर छडी खाली काढीन."

शनिवारी मीही पंचायतीत मागं जाऊन बसलो. दहा वर्षांच्या धाकलूनं उभं राहून नेमकं तेच मांडलं. "चंदरदादा, काढ ना रे आवाज!"

मी काढला. शेवटाला जरा ओढलेला, नाकातला, "हजऽर मास्तर."

पोरं हसली. मास्तर हसले नाहीत. पट त्यांच्या मांडीवर होता आणि तो त्यांनी दोन्ही हातांनी घट्ट धरला होता. बोलायची त्यांना मुभा नव्हती, आणि नको म्हणायला तोंडही नव्हतं. त्यांनी स्वतःच ते नाव दोन महिने राखलं होतं.

तेवढ्यात पहिलीतला गोमा, हौसाचा धाकटा भाऊ, उठला आणि दाराकडं गेला. बाहेर डोकावला. डावीकडं बघितलं, उजवीकडं बघितलं. मग परत येऊन जागेवर बसला.

चौथीतली वत्सला म्हणाली, "मास्तर, नाव कापा."

"शाळा जाईल गो!" धाकलू म्हणाला.

"पंचविसावं पोर आणू. महिपतकाकाची सकू नाय येत?"

"ती म्हशी राखती."

"मंग म्हशी आपण राखू. रोज एकानं. जो राखंल त्यानं दुसऱ्या दिशी माळावर काय बघितलं ते सगळ्यांस्नी शिकवायचं."

सगळी पंचायत उठून महिपतच्या अंगणात गेली. महिपत, सकूचा चुलता, पान चघळत म्हणाला, "वा रं शाळा! उद्या म्हशी पाटी घेऊन बसतील काय?"

"बसल्या तर मास्तर हाकलायचे नायत," वत्सला म्हणाली. "आमी सहा जण मोठी हाव, काका. तुमची सकू एकली हाय. कुणाकडं म्हशी जास्त नीट राहतील?"

महिपत हसला आणि नमला. शाळेत परतल्यावर मास्तरांनी दौतीत टाक बुडवला. हौसाच्या नावावरची रेघ त्यांनी हळू ओढली, अक्षरं वाचता येतील अशी. त्याखाली सकूचं नाव लिहिलं.

राहिली एकच अडचण. दिपोटी येणार त्या सोमवारी पंचवीसही पोरं समोर हवीत. मग म्हशी कुणी राखायच्या? वत्सलानं माझ्याकडं बघितलं. मास्तरांनीही बघितलं. पैज मी हरलो होतो.

दिपोटी आले, हजेरी झाली, सकू "हजर" म्हणाली, शाळा राहिली, हे सगळं मला संध्याकाळी कळलं. दिवसभर मी माळावर चार म्हशींच्या मागं होतो. वाडीत सगळ्यांनी दिपोटींचा आवाज ऐकला, माझ्याशिवाय; तेवढी एक नक्कल माझी राहिली ती राहिलीच.