अर्धा वाचलेला सिद्धांत

कुमारला विज्ञान लागलं ते निवृत्तीनंतर. कुणाला त्या वयात मधुमेह लागतो, कुणाला अध्यात्म. ह्याला उत्क्रांती लागली. विमा कंपनीत जन्म गेला, तेवढ्या काळात पठ्ठ्याने एक पुस्तक धड उघडलं नव्हतं. आता सुकापूरच्या फ्लॅटमध्ये सकाळी चहा पुढ्यात येईपर्यंत तो मोबाइलवर कुणातरी गोऱ्या प्राध्यापकाचं व्याख्यान ऐके, आणि चहा आला की तेच बायकोला ऐकवे. पुरुष मुळात शिकारी. त्याला लांबचं दिसतं, जवळचं दिसत नाही. म्हणून फ्रिजमधलं दही त्याला सापडत नाही, त्यात त्याचा काय दोष?

"मग शिकार कधी आणताय?" नीता विचारी. "महिनाभरात तुम्ही कोथिंबीरसुद्धा आणली नाहीत."

नीता त्याची बायको, आणि दुर्दैवाने जीवशास्त्राची शिक्षिका. पनवेलच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात तिचं आयुष्य गेलं. प्रजननाचा धडा आला की तिथले पुरुष शिक्षक "हा घरी वाचा" म्हणून फळा पुसत. नीता तो वर्गाचं दार सताड उघडं ठेवून शिकवी. मुलगा की मुलगी हे बापाच्या पेशीवर ठरतं, हे वाक्य ती तीनदा म्हणे आणि मागच्या बाकांकडून वदवून घेई. गुणसूत्रं, संप्रेरकं, गर्भातल्या बाळावर होणारा त्यांचा परिणाम, सगळं तिने शिकवलं होतं. ते खोटं आहे असं तिचं कधीच म्हणणं नव्हतं. तिचा राग होता तो संप्रेरकांची सबब सांगून ताट न उचलणाऱ्यांवर.

चारुता, त्यांची एकुलती एक लेक, लहानपणी बाहुल्यांना हात लावत नसे. तिला मिक्सर उघडून बघायचा असे. तेव्हा कुमार म्हणे, "बापावर गेलीय." आता तो म्हणे, "गर्भात टेस्टोस्टेरॉन जास्त मिळालं असणार." कुमारने स्वतः जन्मात बल्ब बदललेला नव्हता.

निवृत्त झाल्यावर नीताने एकच गोष्ट स्वतःसाठी ठरवली. उरणच्या खडपावरच्या, म्हणजे समुद्रकाठच्या खडकांवरच्या, शंखशिंपल्यांचं मराठीत पुस्तक करायचं, चित्रांसकट. ओहोटीला पाणी मागे हटलं की कोळणी कोयत्या घेऊन कालवं काढायला उतरतात. त्यांच्यातल्या कृष्णाबाईने हिला बरोबर घेतलं. पहिल्या दिवशी नीता तीनदा घसरली. "बाई, तुमी शालंत बऱ्या व्हता," असं म्हणून कृष्णाबाई खो खो हसली आणि दुसऱ्या वेळेला हिच्यासाठी जुने रबरी बूट घेऊन आली. खडप उघडं पडतं ते अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, उधाणाच्या दिवसांत. मधे अष्टमीच्या सुमाराला भांग असतो, पाणी फारसं हलत नाही. नीताचा आठवडा सोमवारी सुरू होईनासा झाला. चंद्र बघून ती पिशवी भरू लागली, आणि चाळीस वर्षांत नव्हती इतकी खूश दिसू लागली.

अशात चारुताला मुलगी झाली. बाळंतपण नीताने केलं, आनंदाने केलं. खडप बंद, पुस्तक बंद. पण चारुताची रजा सहा महिन्यांची. पुढे काय, हा प्रश्न घरात कुणी काढत नव्हतं. नीताला वाटलं, वेळ आली की बोलू. तिला हे कळलं नाही, की तो प्रश्न बाकीच्यांच्या मते सुटलेलाच होता.

ते तिला कळलं बारशाच्या दिवशी, सगळ्यांसमोर. सोसायटीच्या हॉलमध्ये पाळणा सजला होता. बायका गोविंद-गोपाळ करत बाळाला पाळण्याच्या वरून-खालून हातोहात फिरवत होत्या. रेवा हे नाव कानात सांगून झालं. पेढे फिरले. तेवढ्यात कुमार उभा राहिला. हातात माइक नव्हता, पण तो असल्यासारखा.

"सगळे विचारतायत, चारुता कामावर गेल्यावर बाळाचं काय? उत्तर विज्ञानाने दिलंय. जगातल्या बहुतेक माद्या मरेपर्यंत पिल्लं घालतात. बाईची पाळी मात्र थांबते आणि ती पुढे तीस वर्षं जगते. का? नातवंडं सांभाळायला! ह्याला आजी-सिद्धांत म्हणतात. म्हणजे आमच्या हिला निसर्गानेच नेमलंय. सोमवार ते शुक्रवार!"

टाळ्या पडल्या. जावई इंद्रजीतने सगळ्यांत जोरात वाजवल्या. तो आठवड्यातले तीन दिवस घरूनच काम करत असे, पण त्या तीन दिवसांबद्दल विज्ञान गप्प होतं. विहीणबाईसुद्धा आजीच, पण त्या पुण्यात आणि त्यांचे गुडघे दुखतात, म्हणून उत्क्रांतीने त्यांना वगळलं होतं.

नीताच्या हातात तेव्हा रेवा होती. तिने चारुताकडे पाहिलं. चारुता पेढ्याच्या ताटात बघत होती.

"अहो," नीता म्हणाली, "सिद्धांत पुरा वाचलात का?"

"म्हणजे?"

"तो ज्या आज्यांवरून मांडला, त्या आफ्रिकेतल्या रानात दिवसभर जमिनीतून कंद उकरत होत्या. सगळ्यांपेक्षा जास्त. पाळणा हलवत घरात बसलेली आजी तुमच्या पदरची. तुमच्या विज्ञानाप्रमाणे मी खडपावर हवी."

मागून कुणीतरी बाई फस्सकन हसली.

"आणि आणखी सांगते. बाळ अंगाखांद्यावर घेणाऱ्या बापाचं ते तुमचं लाडकं टेस्टोस्टेरॉन खाली येतं, असं मोजून पाहिलंय लोकांनी. पुरुषाच्या शरीरातही बाळासाठी जागा केलेली आहे."

"खाली येतं?" इंद्रजीत दचकून म्हणाला.

"घाबरू नकोस. मिशी गळत नाही."

आणि तिने रेवाला कुमारच्या हातांत दिलं. त्याने तिला विम्याच्या फायलीसारखं छातीपासून लांब धरलं. "अगं, मान! मान धरा!" बायका ओरडल्या.

हॉलमधल्या बायकांपुढे जिंकणं सोपं होतं. जड गेलं ते नंतर, आवराआवर चालली असताना.

"आई, मी तुझ्याच भरवशावर होते," चारुता म्हणाली. डोळे भरलेले.

"मला विचारलंस कधी?"

"त्यात विचारायचं काय?"

"झालं! तुझा बाप निदान सिद्धांत तरी शोधतो. तुला तेवढीही गरज वाटली नाही."

चारुता रडली. लेक नोकरी सोडेल, ही भीती नीताला होतीच. मिक्सर उघडणारी ही पोर घरी बसली, तर त्या दोघा शिकाऱ्यांचंच फावणार. ती तिथेच खुर्ची ओढून बसली. "भांगाच्या दिवसांत रेवा माझी. मनापासून माझी, त्या दिवसांत तिला कुणी हात लावायचा नाही. उधाणाला मी उरणला असेन. तेव्हा एक तो इंद्रजीत आणि एक हा निवृत्त. दोघांना मिळून एक बाळ जड नाही."

"बायकांना ते उपजत येतं," कुमार पुटपुटला.

"मला तुमच्या लेकीला आंघोळ घालायला माझ्या सासूने शिकवलं, दोन रट्टे देऊन. उद्या न्हाणीघरात या. तुम्हालाही शिकवते."

तो आला. दुसरा इलाज नव्हता. पहिल्यांदा पाणी गार झालं, दुसऱ्यांदा साबण डोळ्यांत गेला, आणि चारुता कामावर रुजू झाली तोवर त्याला ते जमायला लागलं होतं. अर्थात, नर पेंग्विन अंडं कसं उबवतो, ह्याची व्याख्यानं सोसायटीला आता दररोज ऐकावी लागतात. पेंग्विन दाखवून नवऱ्यांना कामाला लावणं हाही नीताला मूर्खपणाच वाटतो. पाखरांकडून माणसाने कशाला शिकायचं? पण तो बाळाचे कपडे वाळत घालतोय तोवर ती त्याला बोलू देते.

इंद्रजीतने आपल्या ऑफिसच्या कॅलेंडरवर अमावास्या आणि पौर्णिमेच्या आसपासचे दिवस अडवून ठेवले. मुलीला सांभाळायचंय असं लिहायची त्याला लाज वाटली, म्हणून नुसत्याच तिथी लिहिल्या. साहेबाने त्याला बोलावून घेतलं. इंद्रजीतला वाटलं, आता खरडपट्टी. साहेब मान झुकवून म्हणाला, "इतक्या कमी वयात इतकं कडक व्रत! शाबास." त्या दिवसांत त्याला कुणी मीटिंगला बोलवत नाही.